विटाळ मोजता येत नाही, विष मोजता येतं



२० मार्च जवळ आला की आपल्या वस्त्यांतून महाडच्या गाड्या ठरायला लागतात. आपण चवदार तळ्यावर जातो, ओंजळभर पाणी हातात घेतो, पुस्तकांच्या स्टॉलवर फिरतो आणि परत येतो. १९२७ साली बाबासाहेबांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं ही गोष्ट आपल्या लहान पोरांनाही पाठ आहे. त्यानंतर सवर्णांनी काय केलं तेही आपण सांगतो. तळं बाटलं म्हणून १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही, वर मंत्र, आणि तळं 'शुद्ध' झालं. यावर आपण चिडतो किंवा हसतो. पण त्या घागरींत रसायनाच्या भाषेत काय होतं, हे कोणी विचारत नाही. शेणात आणि मुतात नायट्रोजन असतो, फॉस्फरस असतो. साचलेल्या पाण्यात शेवाळ माजायला नेमकं हेच खाद्य लागतं. माणसाच्या स्पर्शाने ज्या पाण्याचं काडीचंही नुकसान झालं नव्हतं, त्यात शुद्धीच्या नावाखाली शेवाळाचं खत ओतलं गेलं.

ही नुसती टिंगल नाही. ब्राह्मणी डोक्याला पाणी कधीच तपासता आलं नाही, त्याने कायम पाण्याला हात लावणारा तपासला. विटाळ मोजायचं यंत्र कुठल्याही प्रयोगशाळेत नाही, कारण विटाळ नावाचा पदार्थच नाही. विष मात्र आहे आणि ते मोजता येतं. आज विटाळाची भाषा उघडपणे कोणी बोलत नाही, पण पाणी न मोजण्याची सवय तशीच शिल्लक आहे, आणि तिची किंमत कोण मोजतंय हा माझा प्रश्न आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागात नळाला हिरवट, मातकट वासाचं पाणी आलं. आम्ही चौघं पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेलो. साहेब सभ्यपणे बोलले, चहासुद्धा पाजला. म्हणाले, "धरणात शेवाळ वाढलंय. आम्ही सुरुवातीलाच क्लोरीनचा डोस वाढवलाय. तुम्ही पाणी उकळून प्या, काही होत नाही." बाहेर आल्यावर आमच्यातलाच एक म्हणाला, चला, साहेब चांगला निघाला. साहेब चांगलाच होता. पण त्याने दिलेले दोन्ही सल्ले चुकीचे होते.

का चुकीचे, ते समजून घेऊ. धरणाच्या पाण्यावर हिरव्या रंगासारखी जी साय धरते ती बहुतेक वेळा नील-हरित शेवाळाची असते. नाव शेवाळ असलं तरी हे खरं तर जीवाणू आहेत. पाणी उबदार, संथ आणि सांडपाण्याने पोसलेलं असलं की ते बेसुमार वाढतात. यांतल्या काही जाती आपल्या पेशीत विष तयार करतात. त्यातलं सगळ्यांत जास्त अभ्यासलेलं विष म्हणजे मायक्रोसिस्टिन. ते यकृतावर हल्ला करतं. त्याला रंग नाही, चव नाही. मातकट वास देणारी द्रव्यं वेगळी आणि विष वेगळं, त्यामुळे वास गेला म्हणजे विष गेलं असं समजू नये. आणि उकळल्याने ते मरत नाही, कारण ते जिवंत नाहीच, ते एक रसायन आहे. उलट पाणी आटतं आणि विष तेवढंच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेने कायम पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआरची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम धरली आहे. म्हणजे दहा लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम.

आता क्लोरीन. पाण्यात विरघळलेल्या मायक्रोसिस्टिनला क्लोरीन नष्ट करू शकतं, हे खरं. पण विष आधी विरघळलेलं नसतं. निरोगी शेवाळात ते बहुतांश पेशीच्या आत बंद असतं. तुम्ही सुरुवातीलाच, शेवाळ बाजूला काढण्याआधी, क्लोरीन किंवा मोरचूद टाकलंत की पेशी फुटतात आणि आतलं विष पाण्यात मोकळं होतं. मग ते वाळूच्या थरातून आरामात खाली उतरतं.

हे कुणाच्या अंगावर आधी शिकलं गेलं ते ऐका. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात पाम आयलंड नावाचं बेट आहे. १९१८ पासून तिथे मूळनिवासी लोकांना त्यांच्या-त्यांच्या मुलखातून उचलून आणून टाकलं गेलं. कुठे राहायचं, कुणाशी लग्न करायचं, मजुरीचे पैसे कुणाच्या हातात, सगळं सरकारी अधिकारी ठरवायचा. १९५७ मध्ये तिथल्या लोकांनी संप केला, तेव्हा पुढाऱ्यांना कुटुंबासकट बेटावरून हद्दपार केलं गेलं. आपल्याला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. याच बेटाला सॉलोमन डॅममधून पाणी मिळायचं. १९७९ मध्ये धरणात शेवाळ माजलं, पाण्याला वास आणि चव आल्याच्या तक्रारी झाल्या, म्हणून धरणात मोरचूद टाकलं गेलं. थोड्याच दिवसांत १४८ जण आजारी पडले, त्यांतली बहुतेक मुलं. उलट्या, सुजलेलं यकृत, मूत्रपिंडांना इजा, रक्ताचे जुलाब. उपचार मिळाल्याने सगळे वाचले. पण वैद्यकाच्या पुस्तकांत या घटनेचं नाव काय पडलं? 'पाम आयलंडचा गूढ आजार'. आजारी पडलेली घरं त्या धरणाचंच पाणी पीत होती, तरी आजार गूढ! पुढे संशोधकांनी त्याच धरणातून शेवाळाची एक जात वेगळी काढली, ती विषारी असल्याचं दाखवलं, आणि १९९२ मध्ये त्या विषाची रचना शोधून त्याला सिलिंड्रोस्पर्मोप्सिन असं नाव दिलं. विषाला नाव मिळायला तेरा वर्षं लागली. उपाय म्हणून टाकलेलं मोरचूद मात्र एका दिवसात टाकून झालं होतं.

मग योग्य मार्ग काय? तो माहीत आहे, जुना आहे, आणि त्यात कुठलंही परदेशी गुपित नाही. आधी तुरटी टाकून शेवाळाच्या पेशी न फोडता, अख्ख्या, गाळात बसवायच्या आणि तो गाळ लवकर काढून टाकायचा. उरलेलं, पाण्यात विरघळलेलं विष धरायला सक्रिय कोळसा, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, वापरायचा. तो भुकटी करून पाण्यात मिसळता येतो, किंवा त्याचे दाणे गाळणीत थर म्हणून घालता येतात. कोळशाच्या आत लाखो बारीक छिद्रं असतात आणि विषाचे रेणू त्या भिंतींना चिकटून बसतात. शास्त्रात याला अधिशोषण म्हणतात. (शब्दात शोषण आहे म्हणून दचकू नका. आयुष्यात पहिल्यांदा एखादं शोषण आपल्या बाजूने आहे.) क्लोरीन शेवटी, हे सगळं झाल्यावर.

खर्च परवडत नाही, हे पहिलं उत्तर येईल. हिशेब आपणच करू. शेवाळाच्या दिवसांत लिटरमागे २० मिलिग्रॅम भुकटी टाकावी लागली असं धरा. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी द्यायचं हा आपल्या देशातला सरकारी निकष. म्हणजे माणशी दिवसाला २.७ ग्रॅम कोळसा. तोही बारा महिने नाही, शेवाळ असेल तेवढेच आठवडे. दिवसाला दहा कोटी लिटर पाणी देणाऱ्या केंद्राला दोन टन भुकटी लागेल, म्हणजे एक छोटा टेम्पो. ज्या पालिकेला चौकातल्या कारंज्याला रंगीत दिवे लावायला पैसे असतात, तिला हा टेम्पो परवडत नाही असं म्हणताना निदान चेहरा तरी पडला पाहिजे.

पण पालिका तो टेम्पो आणत नाही, आणि ज्यांचा आवाज मोठा आहे त्यांना त्याची गरज वाटत नाही. कारण त्यांनी आपापल्या स्वयंपाकघरात आरओ बसवलाय. त्यातही कार्बनची कांडी आहेच! तीच कोळशाची विद्या, पण घराच्या भिंतीआड, हप्त्यावर, फक्त आपल्या ताटापुरती. ज्याला मशीन परवडत नाही तो वीस लिटरचा जार घेतो, ज्याला जारही परवडत नाही तो नळाला तोंड लावतो. एकाच धरणाचं पाणी घराघरांत पोचेपर्यंत चार वर्णांत विभागलं जातं. पूर्वी विहिरी वेगळ्या होत्या, आता गाळण्या वेगळ्या आहेत. आणि ज्याच्या घरी गाळणी आहे तो सार्वजनिक पाण्यासाठी मोर्चात येत नाही. आपल्यातले नोकरदारही यात आले. वस्ती सोडून फ्लॅटमध्ये गेलेल्या आपल्याच भावांनी आरओचा नळ सोडताना एकदा आईच्या घरच्या माठाकडे पाहावं.

शिवाय कोळसा म्हणजे जादू नाही, आणि इथे आपल्या उत्साही पोरांना थोडं थांबवायला हवं. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात फेब्रुवारी १९९६ मध्ये एका डायलिसिस केंद्रात जे झालं ते प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावं. शेवाळ माजलेल्या जलाशयाचं, पूर्ण प्रक्रिया न झालेलं पाणी टँकरने केंद्रात आलं. केंद्रात स्वतःची गाळणी होती. वाळू होती, कोळसा होता, रेझिन होतं. तरी सुमारे १३० रुग्णांपैकी १०० जणांची यकृतं निकामी झाली, आणि त्या वर्षाअखेरपर्यंतचे ५२ मृत्यू या विषबाधेशी जोडले गेले. डायलिसिसमध्ये विष पोटातून जात नाही, थेट रक्तात उतरतं. नंतर तपासणी झाली तेव्हा त्या केंद्राच्या कोळशातच मायक्रोसिस्टिन सापडलं, आणि पाम आयलंडच्या मुलांना आजारी पाडणारं सिलिंड्रोस्पर्मोप्सिनसुद्धा. म्हणजे कोळशाने विष धरलं होतं, पण येणाऱ्या सगळ्या विषाला तो पुरा पडला नाही. छिद्रं भरली की कोळसा नुसता काळा दगड. तो कधी बदलला याची नोंदवही नसेल तर गाळणी आहे की नाही याला काही अर्थ उरत नाही. त्या मृत्यूंनंतर ब्राझीलने २००० साली पिण्याच्या पाण्यातल्या मायक्रोसिस्टिनला कायद्याने मर्यादा घातली, लिटरमागे १ मायक्रोग्रॅम, आणि ती तपासणं बंधनकारक केलं.

आपल्याकडे? पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, म्हणतं की पाण्यात शेवाळ आणि विष तयार करणारे सूक्ष्मजीव नसावेत. वाक्य छान आहे. पण शिसं, आर्सेनिक, पारा यांना जसा आकडा आहे तसा मायक्रोसिस्टिनला आकडा नाही. आकडा नाही म्हणून चाचणी नाही, चाचणी नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून साहेब छातीठोकपणे सांगतात, आमच्याकडे असा एकही प्रकार झालेला नाही. अ‍ॅट्रॉसिटीची फिर्यादच लिहून घ्यायची नाही आणि मग जिल्ह्यात जातीय सलोखा आहे म्हणायचं, ती युक्ती आपल्याला चांगली ओळखीची आहे.

उजनीकडे पाहा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी, त्यातलं बरंचसं प्रक्रियेविना, मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरतं. ११७ टीएमसीचं धरण. उन्हाळ्यात ते मायनसमध्ये गेलं की उरलेलं पाणी हिरवंगार दिसतं, हे सोलापूर जिल्ह्यातल्या कुणालाही सांगायला नको. त्याच पाण्यावर सोलापूर शहर जगतं. विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, काही दिवसांआड येणारं पाणी पिंपात साठवून पिणाऱ्या वस्त्या. वरच्या शहरांचा मैला खालच्या शहराच्या घशात जातो. खाली त्याच भीमेला चंद्रभागा म्हणून हात जोडले जातात, म्हणजे पवित्रही तीच आणि गटारही तीच. हिरवं पाणी म्हणजे विषारीच पाणी असं मी म्हणत नाही. सगळं नील-हरित शेवाळ विष बनवत नाही, आणि बनवणारी जातही रोज सारखं बनवत नाही. डोळ्यांनी बघून ते कुणालाच कळत नाही, साहेबाला नाही आणि मलाही नाही. म्हणूनच तर मोजा म्हणतोय. यासाठी एलायझा पद्धतीचे संच मिळतात, तासा-दोन तासांत उत्तर येतं. गावोगाव दिलेल्या तपासणी पेट्यांत क्लोराईड, नायट्रेट, लोह यांच्या बाटल्या असतात, या विषाची नसते.

आणखी एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. उद्या दबावाखाली पालिका निविदा काढेल आणि त्यात लिहील, 'अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, आयोडीन नंबर अमुक'. आपण टाळ्या वाजवू. पण आयोडीनचा रेणू छोटा असतो. त्या आकड्यावरून कोळशातली अगदी अरुंद छिद्रं किती ते कळतं. मायक्रोसिस्टिन हा आयोडीनच्या कितीतरी पट मोठा रेणू, त्याला रुंद छिद्रं लागतात, दोन नॅनोमीटरच्या वरची. आपल्या देशात सगळ्यांत जास्त बनतो तो नारळाच्या करवंटीचा कोळसा. त्याची छिद्रं बहुतांश अरुंद, त्यामुळे या विषापुरता लाकडाचा कोळसा सहसा उजवा ठरतो. त्यातही धरणाच्या पाण्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची, सांडपाण्याची सेंद्रिय द्रव्यं असतातच, ती आधी जाऊन जागा अडवून बसतात. म्हणून कुठला कोळसा, किती वेळ आणि किती मात्रा, हे आपल्याच धरणाचं पाणी घेऊन बरणीत तपासल्याशिवाय ठरवता येत नाही. विद्यापीठांत उसाच्या चिपाडापासून, केळीच्या सालीपासून कोळसा करून पाण्यातून हे काढलं, ते काढलं, असे शोधनिबंध निघतात. त्यातले कित्येक प्रयोग शुद्ध पाण्यात विष घालून केलेले असतात. आपली पोरंही आता पीएचडी करतायत. त्यांना माझी विनंती आहे, डिस्टिल्ड वॉटर सोडा, उजनीचं पाणी घ्या.

आता आपल्याच माणसांचा आक्षेप. मागे एका बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "अरे, अजून कित्येक गावांत आपल्या बायकांना विहिरीवरून हाकलतात, आणि तू शेवाळ काय घेऊन बसलास? हे पर्यावरणवाल्यांचे चोचले. बाबासाहेब महाडला पाण्याच्या गुणासाठी गेले नव्हते." त्यांचं शेवटचं वाक्य खरं आहे. चवदार तळ्याचं पाणी प्यायलो नाही म्हणून आपण मेलो नव्हतो, आपण तिथे समतेसाठी जातोय, हे बाबासाहेबांनीच सांगितलं होतं. पण समता म्हणजे काय, एवढाच माझा प्रश्न आहे. काठावर जायची परवानगी, की सगळ्यांच्या भांड्यात सारखं पाणी? १९२३ चा बोले ठराव होता, महाड नगरपालिकेचाही ठराव होता, तरी तळ्यावर जाता येत नव्हतं. म्हणून बाबासाहेब कागदावर थांबले नाहीत. तळ्यावर गेले, आणि मग खटलाही दहा वर्षं लढले, थेट १९३७ च्या उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना दामोदर खोऱ्याची योजना आणि मध्यवर्ती जल आयोग उभा करण्यात त्यांचा हात होता. पाण्याचं तंत्रज्ञान हा आपला विषय नाही, हे बाबासाहेबांच्या अनुयायाने तरी म्हणू नये. घटनेच्या कलम १५ ने विहिरी आणि तलाव आपल्याला खुले केले, आणि स्वच्छ पाणी हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात म्हटलं. दुसरा हक्क मिळाल्याशिवाय पहिला अर्धाच आहे.

आणि कोळसा आला म्हणजे सुटलो, असंही नाही. अमेरिकेत टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन मर्यादेपेक्षा जास्त निघालं. चार लाखांहून अधिक लोकांना पाणी पिऊ नका, उकळूही नका, असा इशारा दिला गेला आणि सुमारे तीन दिवस बाहेरून पाणी वाटलं गेलं. त्यांना नळ थांबवता आला कारण ते मोजत होते. त्यांनी कोळशाची मात्रा वाढवली. पण ज्या ईरी सरोवराचं ते पाणी, तिथे शेतीतून वाहून येणारा फॉस्फरस थांबला नाही आणि शेवाळ आजही उन्हाळ्यात येतं. आपल्याकडे पुण्याचं सांडपाणी पुण्यातच स्वच्छ झालं पाहिजे, सोलापूरच्या कोळशाने नाही. कोळसा ही मधल्या काळाची ढाल आहे. ती मागताना वरच्या शहराला सोडून द्यायचं नाही.

अजून एक, ज्यावर तंत्रज्ञ मंडळी कधीच बोलत नाहीत. विष नाहीसं होत नाही, ते पाण्यातून कोळशात जातं. भुकटी तुरटीच्या गाळात बसते, दाण्यांचा थर भट्टीत पुन्हा तापवावा लागतो किंवा बदलावा लागतो. तो गाळ उपसायला टाकीत कोण उतरतं? कंत्राटी कामगार, आणि त्यांची आडनावं कुठल्या वस्तीतली असतात ते हजेरीपटावर वाचा. शहराचं यकृत वाचवायचं आणि गाळ आपल्याच भावाच्या उघड्या हाताने उपसायचा, असली शुद्धी आपल्याला नको. यंत्र, बूट, मोजे, आणि गाळ कुठे टाकला याचा हिशेब, हे मागणीतच असलं पाहिजे.

तर या महिन्यात एक काम करा. आपापल्या पालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही. विचारा, की गेल्या तीन वर्षांत धरणाच्या आणि नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिनची चाचणी कोणत्या तारखांना झाली आणि आकडे काय आले. शेवाळ दिसलं तेव्हा क्लोरीन आधी टाकलं की गाळ बसल्यावर, मोरचूद टाकलं का, टाकलं तर कुणाच्या आदेशाने. केंद्रात सक्रिय कोळसा आहे का, कशापासूनचा, शेवटचा कधी बदलला, वापरलेला कुठे गेला, आणि गाळ उपसणाऱ्यांना काय साधनं दिली. शहरातल्या डायलिसिस केंद्रांना शेवाळाच्या काळात पालिका काही कळवते का, हेही विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तरी ते फाडू नका, त्यावर सही-शिक्का असतो. त्याच्या झेरॉक्स काढा आणि २० मार्चला महाडला येताना बरोबर आणा.